नॉर्थफील्डचा पहिला प्रयोग : समकालीन टिपण व उत्तरकालीन स्मरणें

समूह-मानसोपचाराच्या इतिहासांत नॉर्थफील्ड हें नांव वारंवार येतें. इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येस हॉलीमूर नांवाचें वेड्यांचें इस्पितळ इ. स. १९०५ त सुरू झालें. दुसऱ्या महायुद्धांत, एप्रिल १९४२ मध्यें, तें लष्कराकडे गेलें व मन खचलेल्या शिपायांसाठीं तेथें नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालय स्थापन झालें. विल्फ्रेड बायन व जॉन रिकमन या दोन डॉक्टरांनीं इ. स. १९४२-४३ च्या हिवाळ्यांत तेथें जो उपक्रम सहा आठवडे चालविला, त्यास आतां 'पहिला नॉर्थफील्ड प्रयोग' म्हणतात. शिपायांस एकेकटे घेऊन उपचार करण्याऐवजीं, त्यांचा समूह हाच रोगी व समूह हाच वैद्य, असें मानून केलेला हा प्रयत्न होता. तो मध्येंच थांबला. कां थांबला याविषयीं एक चटकदार गोष्ट प्रचलित असून ती ग्रंथांतरीं उतरत आली आहे. त्या गोष्टीस आधार कोणता, मूळ टिपण काय सांगतें आणि काय सांगत नाहीं, याची छाननी करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विषय वैद्यकाचा असतां तो इतिहासाच्या त्रैमासिकांत कां, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. घटना घडते, कर्ते आपली बाजू लिहून ठेवतात, मग कांहीं वर्षांनीं बखरी तयार होतात, आणि वाचकांस बखरच गोड लागते. हा क्रम पुण्याच्या दप्तरास जसा लागू, तसा बर्मिंगहॅमच्या रुग्णालयासही लागू आहे. आपल्या वाचकांस ज्या कसोट्या परिचित आहेत, त्याच येथें लावावयाच्या आहेत.

मूळ साधन व त्याचे कर्ते

सर्वांत जुनें उपलब्ध साधन म्हणजे 'लॅन्सेट' या इंग्लंडांतील वैद्यकीय साप्ताहिकाच्या २७ नोव्हेंबर १९४३ च्या अंकांत बायन व रिकमन यांनीं मिळून लिहिलेला लेख. समूहांतील अंतर्गत ताण ओळखून त्यांचा अभ्यास करणें हेंच समूहाचें कार्य, असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. घटना व लेखन यांमध्यें वर्षाचेंही अंतर नाहीं, आणि लेखक स्वतः कर्ते आहेत. पुढें इ. स. १९६१ त बायननें आपल्या 'एक्स्पीरिअन्सेस इन ग्रुप्स' या ग्रंथाच्या आरंभीं तोच लेख पुन्हां छापला. बहुतेक वाचकांस तो या दुसऱ्या मुद्रणांतूनच ठाऊक आहे, आणि त्यामुळें एक घोटाळा होतो. सन १९४३ चें युद्धकालीन टिपण हें सन १९६१ च्या तत्त्वविवेचनाची प्रस्तावना आहे, अशा दृष्टीनें तें वाचलें जातें. वस्तुतः तें एका लष्करी डॉक्टरानें युद्ध चालूं असतां, वरिष्ठांची नजर आपल्यावर आहे हें जाणून, लिहिलेलें आहे. कागद वाचतांना त्याची तारीख विसरूं नये, हा नियम येथेंही पाळावयास हवा.

बायनचा जन्म इ. स. १८९७ त आपल्या देशांत मथुरेस झाला. त्याचे वडील पाटबंधाऱ्यांच्या खात्यांत इंजिनिअर होते. वयाच्या आठव्या वर्षीं त्यास शिक्षणासाठीं इंग्लंडांत पाठविलें. पहिल्या महायुद्धांत तो रणगाड्यांच्या दळांत होता आणि इ. स. १९१७ च्या कांब्रे येथील लढाईंतील कामगिरीबद्दल त्यास डी. एस. ओ. हें मानाचें पदक मिळालें. युद्धानंतर त्यानें ऑक्सफर्ड येथें प्रथम इतिहासाचा अभ्यास केला व मग वैद्यकाकडे वळला. रिकमन त्याहून वडील, जन्म इ. स. १८९१. तो क्वेकर पंथाचा असून पहिल्या महायुद्धांत शस्त्र हातीं न धरतां रशियांत सेवाकार्य करीत होता. पुढें त्यानें व्हिएन्नास फ्रॉइडकडे मनोविश्लेषण करून घेतलें. युद्धापूर्वीं बायन हा कांहीं काळ रिकमनकडे मनोविश्लेषणासाठीं जात असे. एक लढवय्या व एक शांततावादी, एक रुग्ण व एक वैद्य, अशी ही जोडी एका रुग्णालयांत एकत्र आली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

टिपणांतील मजकूर

लेखाचे दोन भाग स्पष्ट दिसतात. बायनचा भाग शिक्षणविभागाविषयीं आहे, रिकमनचा एका लहान दालनाविषयीं. शिक्षणविभागांत उपचार होऊन बरे वाटणारे शिपाई पुन्हां पलटणीकडे जाण्याच्या तयारीसाठीं ठेविले जात. बायन सूत्रें हातीं घेतो, तों दारांत गर्दी. कोणास रजा हवी, कोणाची तक्रार आहे, कोणास सल्ला पाहिजे. तासा-दोन तासांत त्याच्या मनानें घेतलें कीं, येथें वाण पडली आहे ती शिस्तीची. परंतु शिस्त वरून लादावयाची नाहीं. पलटणींत शिस्त टिकते ती समोर शत्रु असतो म्हणून आणि नायक अनुभवी असतो म्हणून. मग येथें शत्रु कोण? त्याचें उत्तर असें : येथें शत्रु म्हणजे मनोविकृति, आणि तीही एकेकट्याची नव्हे, तर सर्वांस मिळून जडलेली अडचण. तिला सर्वांच्या समोर उघडी करून दाखवावयाची आणि तिच्याशीं सर्वांनीं मिळून झुंजावयाचें.

नियम थोडे केले. प्रत्येकानें रोज एक तास शरीरश्रमाचा व्यायाम करावा. प्रत्येकानें सुतारकाम, हस्तव्यवसाय, नकाशावाचन, टपालानें चालणारा अभ्यासक्रम अशा एका तरी गटांत असावें. हवा तो नवा गट काढण्यास मोकळीक असावी. गटांत बसणें ज्यास असह्य होईल त्यानें विश्रांतीच्या खोलींत जावें, मात्र तेथें शांतता पाळावी. रोज दुपारीं बारा वाजून दहा मिनिटांनीं सर्वांनीं अर्धा तास एकत्र जमावें. जमण्याचें दिखाऊ कारण सूचना देण्याचें होतें. खरें कारण असें कीं, आपल्या कारभाराकडे थोडें बाहेरून पाहण्याची सवय लोकांस लागावी.

पुढें काय झालें याचें वर्णन या टिपणाचा सर्वांत मोलाचा भाग होय. गट भराभर निघाले. परंतु बायन एक-दोन शिपायांस बरोबर घेऊन फेरी मारूं लागला, तेव्हां कागदावर गट पुष्कळ आणि प्रत्यक्षांत सुतारशाळेंत एखाद-दुसराच मनुष्य, असें दिसलें. सगळा दर्शनी देखावा, मागें कांहीं नाहीं, असें त्यानें सभेंत बोलून दाखविलें. मग शिपायांनींच तक्रार आणली कीं, शेंकडा वीस लोक राबतात आणि शेंकडा ऐशीं कामचुकार आहेत. त्यांस शिक्षा व्हावी, अशी अपेक्षा होती. बायननें ती नाकारली. हा प्रश्न शिक्षेचा नसून शोधाचा आहे, तो तुमचाच आहे आणि तुम्हींच त्याचा शोध घ्यावा, असा त्याचा पवित्रा राहिला. दालनें घाण राहतात ही तक्रारही त्यानें त्याच वाटेनें परत पाठविली. परिणाम म्हणून स्वच्छतेसाठीं शिपायांचाच गट निघाला. महिन्याच्या आंत चित्र पालटलें. पूर्वीं लोकांस कामांत कसें गुंतवावें हा प्रश्न होता. आतां त्यांस हवीं तीं कामें करावयास वेळ कोठून आणावा, हा झाला.

रिकमनचा भाग आटोपशीर आहे. चौदा ते सोळा खाटांचें दालन, प्रत्येकाशीं आरंभीं एक मुलाखत, आणि मग सर्वांची एकत्र चर्चा. व्यक्तीचें दुखणें आणि समूहांतील तिचें वागणें यांचा परस्परांशीं संबंध काय, हाच चर्चेचा विषय.

या मजकुराविषयीं आमचें मत असें कीं, तपशिलाच्या बाबतींत तो विश्वसनीय आहे. खोटें सांगणारा मनुष्य आपल्या विभागास पोकळ देखावा म्हणत नाहीं, ना घाण दालनांची नोंद ठेवतो. कर्त्याच्या प्रतिष्ठेस बाध आणणारा तपशील कर्त्यानेंच दिला असेल तर त्याचें वजन अधिक, ही कसोटी येथें लागू पडते. परंतु यशाच्या बाबतींत तेंच वजन देतां येत नाहीं. महिन्यांत झालेला पालट डॉक्टरच्या डोळ्यांनीं पाहिलेला आहे. किती शिपाई बरे झाले, किती पलटणीकडे गेले व तेथें टिकले, याचे आंकडे लेखांत नाहींत.

टिपणाचें मौन

लेखाच्या अखेरीस बायन सांगतो कीं, उण्यापुऱ्या सहा आठवड्यांच्या प्रयोगांतून फारसे निष्कर्ष काढतां येत नाहींत. कांहीं प्रश्न वेळेअभावीं तसेच राहिले आणि कांहींची उघड चर्चा युद्ध चालूं असतां करणें योग्य नाहीं, असेंही तो म्हणतो. हें शेवटचें विधान फार महत्त्वाचें आहे. पुष्कळ अभ्यासक त्यावरून झरकन पुढें जातात. कागद स्वतःच सांगतो कीं आपण सर्व सांगितलेलें नाहीं. प्रयोग थांबण्याचें कारण या न सांगितलेल्या भागांत पडतें, असें अनुमान करण्यास जागा आहे. परंतु अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. आणि लक्षांत घ्यावें कीं, इ. स. १९६१ त युद्ध संपून सोळा वर्षें झालीं असतांही बायननें लेख पुन्हां छापतांना ती पोकळी भरून काढली नाहीं.

याहून जुना असा एक कागद होता. इ. स. १९४० त बायननें रिकमनसाठीं लिहिलेलें, शेफील्ड येथील वॉर्नक्लिफ रुग्णालयाच्या नांवानें ओळखलें जाणारें टिपण, यांत या कल्पनेचें बीज होतें, असें त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें सांगितलें. तें टिपण गहाळ झालें आहे. त्याचा मजकूर म्हणून जें सांगितलें जातें तें सर्व ऐकीव आहे. उलट, बायननें रिकमनला इ. स. १९३९ ते १९५१ या काळांत लिहिलेलीं पत्रें राहिलीं असून तीं इ. स. २०१२ त प्रसिद्ध झालीं. ज्यांस या प्रकरणाचा खरा तळ गांठावयाचा असेल त्यांनीं स्मरणग्रंथांआधीं तीं पत्रें वाचावीं. मात्र तीं एकाच बाजूचीं आहेत, हेंही विसरूं नये.

उत्तरकालीन स्मरणें

आतां प्रचलित गोष्टीकडे वळूं. युद्धखात्याचे अधिकारी अचानक पाहणीस आले, रुग्णालयाच्या चित्रपटगृहांत जमिनीवर वृत्तपत्रांचे कागद व संततिनियमनाचीं साधनें विखुरलेलीं त्यांस दिसलीं, आणि प्रयोग तत्काळ बंद झाला, ही ती गोष्ट. ती पॅट्रिक द मारे या डॉक्टरानें इ. स. १९८५ त, बायनविषयींच्या एका स्मारकवजा लेखसंग्रहांत, सांगितली. द मारे युद्धकाळांत त्या रुग्णालयांत बायन व रिकमन यांच्या हाताखालीं शिकला होता, म्हणून त्याचें म्हणणें सहज टाकून देतां येणार नाहीं. परंतु घटनेनंतर चाळिसांहून अधिक वर्षांनीं तें कागदावर आलें.

दुसरें म्हणणें टॉम मेन याचें. इ. स. १९७७ त प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यानें दोष घाणीस न देता नात्यास दिला. बायननें आपल्या विभागापुरती क्रांति केली. परंतु रुग्णालयाचा मुख्य अधिकारी व इतर नोकरवर्ग यांस तिचा अर्थ कळला नाहीं. आरंभींची अव्यवस्था त्यांस सोसवेना, वितुष्ट आलें आणि प्रयोग मोडला. हें विवेचन मार्मिक आहे. पण मेन स्वतः नॉर्थफील्डला आला तो हा प्रयोग संपल्यानंतर. म्हणजे त्याचें म्हणणें साक्ष नसून मीमांसा आहे. शिवाय मीमांसा करणाऱ्याचा त्यांत स्वार्थ नसला तरी कल आहे. संपूर्ण रुग्णालय हीच उपचाराची संस्था व्हावी, हें मेनचें स्वतःचें मत, आणि पहिला प्रयोग त्याच्या अभावीं फसला हें म्हणणें त्या मतास पोषक आहे.

पानिपताच्या अभ्यासकांस येथें काशिराज पंडिताची आठवण होईल. तो शुजाउद्दौल्याच्या गोटांत होता, लढाई त्यानें जवळून पाहिली. परंतु त्यानें हकीकत लिहिली ती इ. स. १७८० त, म्हणजे एकोणीस वर्षांनीं. आपण त्यास टाकीत नाहीं, पण प्रसंगकालीन पत्रांशीं ताडून पाहिल्यावांचून स्वीकारीतही नाहीं. द मारे यास तेवढाच मान द्यावा, आणि मेन यास त्याहून थोडा कमी.

स्मरण कसें पालटतें याचा दाखला बायनच्याच लेखनांत आहे. पहिल्या महायुद्धांतील आपल्या अनुभवांची रोजनिशी त्यानें इ. स. १९१९ त आईवडिलांसाठीं लिहून काढली. त्यांतील आमिआंच्या लढाईकडे तो इ. स. १९५८ त पुन्हां वळला तेव्हां त्यानें स्वतःस तृतीय पुरुषांत घातलें. इ. स. १९७२ त त्यानें मूळ रोजनिशीवर टीका लिहिली. हीं तिन्ही लेखनें इ. स. १९९७ त एकत्र छापलीं गेलीं. हात तोच, लढाई तीच, परंतु मनुष्य तीन वेळां निराळा. जेथें स्वतःच्या आठवणीची ही गत, तेथें दुसऱ्याच्या प्रयोगाविषयीं चाळीस वर्षांनीं सांगितलेल्या गोष्टीवर सबंध इतिहास उभारणें धाडसाचें आहे.

नांवाचा प्रश्न

'पहिला' हें विशेषणही मागाहूनचें आहे. सन १९४३ च्या लेखांत बायन आपल्या कामाचें ठिकाण सांगतांना लष्करी मानसरुग्णालयाचा एक शिक्षणविभाग एवढेंच म्हणतो. 'नॉर्थफील्ड प्रयोग' हें नांव ठळकपणें दिसतें तें इ. स. १९४६ त, अमेरिकेंतील मेनिंजर संस्थेच्या नियतकालिकाच्या अंकांत, हॅरोल्ड ब्रिजर याच्या लेखाच्या शीर्षकांत. तेथें शब्द एकवचनी आहे. ब्रिजर हा डॉक्टर नव्हे. तो मूळचा गणिताचा शिक्षक व युद्धांत तोफखान्यांतील अधिकारी. त्यानें रुग्णालयाचें एक दालन रिकामें करून त्यास 'क्लब' नांव दिलें आणि आंत कांहींच मांडलें नाहीं. युद्धकाळांत जागा व पैसा फुकट दवडला जातो म्हणून रुग्ण संतापून जाब विचारावयास आले. त्या संतापांतूनच सभा, समिति व काम उभें राहिलें. त्याच अंकांत फ्रँकफर्टहून इंग्लंडांत आश्रयास आलेला एस. एच. फोक्स यानें समूहोपचाराचीं तत्त्वें मांडलीं आणि मेन यानें 'उपचारक समाज' अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ केला.

म्हणजे मूळ नांव या उत्तरार्धाचें होतें. बायनचे सहा आठवडे त्यास मागून जोडले गेले आणि त्यांस 'पहिला' म्हटल्याबरोबर ते आपोआप 'दुसऱ्याची' अपुरी तयारी ठरले. असा क्रमांक लावणें सोयीचें असतें, पण त्यांत निवाडा दडलेला असतो. टॉम हॅरिसन यानें इ. स. २००० त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दोन्ही काळांचीं साधनें व हयात मंडळींचीं निवेदनें एकत्र केलीं आहेत. त्याबद्दल अभ्यासकांनीं त्याचें ऋणी राहावें. ग्रंथ वाचतांना मात्र कोणतें विधान सन १९४६ पूर्वीचें व कोणतें त्यानंतरचें, याची खूण वाचकानें समासांत स्वतः करीत जावी.

ज्यांचा कागद नाहीं

आतांपर्यंत ज्यांचीं नांवें आलीं ते सर्व उपचार करणारे. ज्यांच्यासाठीं हें सर्व केलें ते शिपाई या दप्तरांत जवळजवळ मुके आहेत. शेंकडा वीस व शेंकडा ऐशीं ही तक्रार त्यांचीच, पण ती बायनच्या लेखणींतून आपणांस कळते. कामचुकार ठरलेल्या ऐशींपैकीं एकाचेंही म्हणणें लेखांत नाहीं. विश्रांतीच्या खोलींत जाऊन बसलेला शिपाई आळशी होता, कीं त्याच्या मनांत रणगाड्यांचा गडगडाट अजून थांबला नव्हता, हें कोण सांगणार? तो तेथें आपखुशीनें आला नव्हता, हुकुमानें आला होता. आणि बरा झाल्यास त्याचें बक्षीस म्हणजे पुन्हां पलटण. अशा माणसानें समूहांत मोकळेपणानें बोलावें ही अपेक्षा आणि त्याच्या गप्प बसण्यास रोग समजणें, यांतील पेंच टिपणांत कोठेंही सोडविलेला नाहीं. रेनर हेपनस्टॉल हा लेखक नॉर्थफील्डला रुग्ण होता व त्याच्या इ. स. १९५३ च्या 'द लेसर इन्फॉर्च्यून' या कादंबरीस त्या अनुभवाचा आधार आहे. परंतु कादंबरी ती कादंबरीच, तिची साक्ष काढतां येत नाहीं.

ही उणीव भरून काढणें अशक्य असतें असें नाहीं. पहिल्या महायुद्धांत ब्रायटनच्या रुग्णालयांतून आपल्या देशच्या शिपायांनीं घरीं लिहिलेलीं पत्रें लष्करी तपासनिसांनीं उघडून त्यांतील उतारे भाषांतरित करून ठेविले. हेतु पाळत ठेवण्याचा होता. पण त्या पाळतीच्या पोटीं साध्या शिपायाचा शब्द राहिला, आणि डेव्हिड ओमिसी यानें इ. स. १९९९ त त्यांतील निवडक पत्रें प्रसिद्ध केलीं. नॉर्थफील्डच्या शिपायांनींही घरीं पत्रें लिहिलींच असतील. तीं कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पेटींत असलीं तर त्यांची किंमत वरील सर्व स्मरणग्रंथांहून अधिक आहे.

निष्कर्ष

आमच्या मतें या छाननींतून चार गोष्टी ठरतात. एक, प्रयोगाच्या पद्धतीविषयीं सन १९४३ चें टिपण प्रमाण मानावें. दोन, त्याच्या फलाविषयीं तें पुरेसें नाहीं, आणि त्याच्या कर्त्यानें स्वतः तसें बजावलें आहे. तीन, प्रयोग बंद पडण्याचें चित्रपटगृहाचें कारण एका माणसाच्या उत्तरकालीन स्मरणावर उभें आहे. तें शक्य आहे, पण सिद्ध नाहीं. नवीन कागद निघेपर्यंत तें 'असें सांगतात' या सदराखालींच ठेवावें. चार, रुग्णांच्या साक्षीवांचून हा इतिहास एकतर्फी राहतो.

हॉलीमूर रुग्णालय इ. स. १९९४ त बंद झालें. इमारतींचा बराच भाग पाडला गेला, पाण्याचा उंच मनोरा मात्र राखला आहे. मनोरे राहतात, कागद जातात, हा अनुभव आपल्याकडील गढ्या व वाडे पाहणाऱ्यांस नवा नाहीं. बायनला आपल्या शिपायांकडून एवढेंच हवें होतें कीं, तक्रार घेऊन न येतां त्यांनीं स्वतः शोध घ्यावा. त्याच्या प्रयोगाचा इतिहास लिहिणाऱ्यांनींही तेवढें मनावर घ्यावें.